जाकिटाची मागची बाजू

या पुस्तकाचं मूळ एका नोंदवहीत आहे. बँकेतल्या जुन्या खतावणीसारखी कापडी पाठीची, दोनशे पानांची वही. १९८६ सालापासून जी जी जुनी रेकॉर्ड विकत घेतली तिची नोंद तीत आहे: तारीख, जागा, सांगितलेली किंमत, दिलेली किंमत, तबकडीची अवस्था आणि शेवटच्या रकान्यात ‘कोण वाजवतंय’. पहिले पाच रकाने भरायला दोन मिनिटं पुरतात. सहावा भरायला कधी कधी वर्षं लागली. पुढचे एकोणीस लेख त्या सहाव्या रकान्यातून निघाले आहेत. जॅझ म्हणजे काय, तो कुठून आला, कसा ऐकावा, हे सांगणारी चांगली पुस्तकं आहेत. ते काम मी इथे केलेलं नाही. जुन्या बाजारात उकिडवं बसून जॅझच्या रेकॉर्डी उपसण्यात माणसाला एवढा कसला आनंद होतो, हे आमच्या घरच्यांना जवळजवळ चाळीस वर्षांत पटवता आलेलं नाही. आता तुम्हाला पटवून पाहतो.

सुरुवात चुकीच्या जाकिटातून झाली. तेव्हा मी फोर्टात नोकरीला होतो आणि शुक्रवारी कामावर जाण्याआधी चोरबाजारात चक्कर टाकायचो. शुक्रवारी मटण स्ट्रीटवरची पक्की दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर पथारीवाले बसतात. त्याला जुम्मा बाजार म्हणतात. उजाडण्याआधी गेलं तर विजेरी लागते, नऊनंतर गेलं तर चांगला माल गेलेला असतो. मी शोधायचो नाट्यसंगीत. एका पथारीवर वसंतराव देशपांड्यांचं जाकीट दिसलं. कोपरे कुरतडलेले, पण आत तबकडी होती. दहा रुपये म्हणाला, सहाला दिली. तबकडी तिथल्या तिथे बाहेर काढून बघावी, एवढी अक्कल तेव्हा नव्हती.

घरी येऊन पाहतो तर आत भलतीच रेकॉर्ड. लेबलावर आधीच्या मालकाने आपल्या संग्रहाचा क्रमांक लिहून कागद डकवलेला. खालचं नाव वाचावं म्हणून ओलं फडकं लावून तो सोडवायला गेलो, तर कागदाबरोबर लेबलाचा मधला भागच निघून आला. नाव गेलं, वाजणं राहिलं. सुई ठेवली. पियानोवर काहीतरी लगबगीचं सुरू झालं, मग सॅक्सोफोन आला, आणि त्या बाजूची तिसरी चीज लागल्यावर माझा हात आपोआप मांडीवर गेला. पाच मात्रा! आमच्या कानात झपताल मुरलेला: दोन-तीन, दोन-तीन. इथे तीन-दोन, तीन-दोन चाललं होतं. सदरा उलटा घातल्यावर सगळं ओळखीचं असूनही बटण सापडत नाही, तसं झालं. मी सम धरायला जायचो आणि ड्रमवाला माझ्या हातावर तुरी देऊन निसटायचा. त्या रात्री ती बाजू आठ वेळा वाजवली. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दुसऱ्या दिवशी जिन्यात काळजीने विचारलं, “रेडिओ बिघडलाय का हो तुमचा?”

सात महिने मला त्या वाजवणाऱ्यांची नावं ठाऊक नव्हती. शेवटी बँकेतला एक गोवेकर सहकारी मला धोबीतलावच्या एका ‘कूड’मध्ये घेऊन गेला. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाचं मुंबईतलं बिऱ्हाड. बोटीवर नोकरी करणारे तारवटी दोन सफरींच्या मधे तिथे पेटी ठेवून राहत. तिथे एक वृद्ध गृहस्थ होते, उमेदीच्या काळात हॉटेलांच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवलेले. मी बिचकत बिचकत ती चाल गुणगुणलो. दुसरी ओळ पुरी व्हायच्या आत ते म्हणाले, “डेसमंड.” आणि मग वाडीतल्या शेजाऱ्यांची नावं सांगावीत तशी बाकीची सांगितली. आल्टो सॅक्सोफोनला पॉल डेसमंड, पियानोला डेव्ह ब्रूबेक, बासला यूजीन राइट, ड्रम्सला जो मोरेलो. रेकॉर्डचं नाव ‘टाइम आउट’, साल १९५९, ती पाच मात्रांची चीज डेसमंडने बांधलेली. एवढं सांगून त्यांनी विचारलं, “जाकेट खंय?” नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. वाजवणाऱ्यांची नावं जाकिटाच्या मागच्या बाजूला असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

निघताना मी विचारलं, तुम्ही वाजवलेलं कुठल्या रेकॉर्डवर मिळेल? ते हसले. कितीतरी सिनेमांत वाजवलंय म्हणाले. लेबलावर गाणाराचं नाव, संगीतकाराचं नाव, सिनेमाचं नाव. आमचं कशाला असेल?

वहीतला सहावा रकाना मी त्या संध्याकाळी आखला.

आपल्याकडे तबकडीवर नाव आलं ते गाणाऱ्याच्याच तोंडून. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करून गेला, आणि गाणं संपताच गौहरजान इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारते ते त्या काळच्या तबकड्यांवर आजही ऐकू येतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला गाणारी कोण ते कळावं म्हणून ही युक्ती. तिच्यामागे साथीला बसलेल्यांनी काही पुकारलं नाही, आणि कुणी त्यांना पुकारायला सांगितलंही नाही.

अमेरिकेत तरी वेगळं काय होतं? इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी गेनेट कंपनीचा स्टुडिओ होता, रेल्वेरुळांना इतका लागून की गाडी आली की ध्वनिमुद्रण थांबवावं लागे. १९२३ मध्ये तिथे किंग ऑलिव्हरच्या क्रिओल जॅझ बँडने वाजवलं. लेबलावर बँडचं नाव छापलं, वादकांची यादी नाही. दुसरा कॉर्नेट वाजवणारा एकवीस वर्षांचा पोरगा लुई आर्मस्ट्राँग होता, हे लेबल वाचून कुणाला कळलं नसतं.

ही नावं हुडकली ती जुन्या रेकॉर्डी गोळा करणाऱ्यांनी. १९३० च्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात काही तरुणांना हे वेड लागलं. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत दारोदार फिरायचं, जुन्या फर्निचरच्या दुकानांत, लोकांच्या माळ्यांवर दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या तबकड्या शोधायच्या, आणि मग हा ट्रम्पेट कुणाचा, ही क्लॅरिनेट कुणाची, यावर रात्र रात्र भांडायचं. पॅरिसमध्ये शार्ल देलोनेने १९३६ मध्ये ‘हॉट डिस्कोग्राफी’ काढली, ती या भांडणांची पहिली मोठी वही म्हणायला हरकत नाही. न्यूयॉर्कमध्ये मिल्ट गेब्लर बापाच्या दुकानात रेकॉर्डी विकायचा; मिळेनाशा झालेल्या जुन्या तबकड्या त्याने पुन्हा छापून घेतल्या, पुढे कमोडोर हे स्वतःचं लेबल काढलं, आणि प्रत्येक वादकाचं नाव छापण्याची प्रथा रुजवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. बर्लिनहून आलेला आल्फ्रेड लायन हा असाच रेकॉर्डींचा भुकेला. डिसेंबर १९३८ मध्ये त्याने कार्नेगी हॉलमधली एक मैफल ऐकली आणि पुरते तीन आठवडे व्हायच्या आत, ६ जानेवारी १९३९ ला, आल्बर्ट ॲमन्स आणि मीड लक्स लुइस या दोन पियानोवाल्यांना स्टुडिओत बसवलं. ब्लू नोट कंपनी ती. आज जिच्या पहिल्या छपाईच्या तबकड्यांसाठी लोक दागिने मोडायच्या तयारीत असतात, ती एका रेकॉर्ड हुडकणाऱ्याने काढली आहे.

त्याच साली ‘जॅझमेन’ नावाचं पुस्तक निघालं. त्याच्या लेखकांना न्यू ऑर्लिन्सचे जुने वादक सारखं एक नाव सांगत: बंक जॉन्सन. त्याची एकही रेकॉर्ड नव्हती. शोधता शोधता तो लुइझियानातल्या न्यू आयबेरिया गावी सापडला. ट्रम्पेट नाही, तोंडात दात नाहीत. मग संग्राहकांनी पैसे जमवले, त्याला ट्रम्पेट आणि कवळी मिळाली. कवळी केली ती प्रसिद्ध सॅक्सोफोनवादक सिडनी बेशे याच्या दंतवैद्य भावाने. १९४२ मध्ये बंकची पहिली रेकॉर्ड निघाली. रेकॉर्ड शोधायला निघालेले लोक ती मिळेना तेव्हा माणूस शोधतात आणि त्याला दात बसवून ती करवून घेतात, हे मला तरी फार लोभस वाटतं. आमच्या सौ.चं मत वेगळं आहे.

मिनिटाला ७८ फेरे फिरणारी ती जुनी तबकडी लाखेची असे, आणि जगातली बहुतेक लाख जायची ती भारतातून. छोटा नागपूरच्या जंगलात कुसुम, पळस, बोरीच्या फांद्यांवर किडे जे लाखेचं कवच करतात, तेच खरवडून, वितळवून बोटीत चढायचं. बांगडीची लाख, पत्रावरच्या मोहरेची लाख, सुताराच्या पॉलिशमधली लाख, तीच भुकटी आणि काजळी मिसळून रेकॉर्डची. रिचमंडच्या त्या तबकडीवरचं काळं चकाकणारं द्रव्य बहुधा आपल्याकडूनच गेलेलं. १९४२ मध्ये युद्धामुळे ही आवक धोक्यात आली तेव्हा अमेरिकन सरकारने लाखेच्या वापरावर कडक बंधनं घातली, आणि कंपन्या लोकांकडून जुन्या रेकॉर्डी परत घेऊन, दळून त्यांच्या नव्या रेकॉर्डी करू लागल्या. आर्मस्ट्राँगच्या किती तबकड्या त्या घरटात गेल्या असतील याचा विचार मी सहसा करत नाही.

मात्र लाखेची म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. नोंद क्रमांक २३, बेनी गुडमनची ७८ ची तबकडी, फोर्टातल्या पदपथावरून, चार रुपये. बुरशी चढली होती. आमच्या टेपरेकॉर्डरचं हेड मी स्पिरिटने पुसायचो, म्हणून हीही स्पिरिटने पुसली. सुतार लाख कशात विरघळवतो हे लहानपणापासून पाहिलेलं. पण त्या क्षणी डोक्यात आलं नाही. बोळा काळा झाला तेव्हा मला वाटलं, केवढी घाण निघते आहे! घाण नव्हती, बेनी गुडमन होता. ती तबकडी अजून ठेवली आहे. वहीत अवस्थेच्या रकान्यात ‘मी’ असं लिहिलंय.

लाँग प्लेइंग आली १९४८ मध्ये, कोलंबिया कंपनीची: व्हिनाइलची, न फुटणारी, बारीक खोबणीची, एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त चालणारी. तिच्याबरोबर बारा इंची पुठ्ठ्याचं जाकीट आलं, आणि जाकिटाला पाठ आली. पाठीवर जागा भरपूर. कोण वाजवतंय, कुठल्या तारखेला, कुठल्या स्टुडिओत, पुढे सहाशे शब्दांचा निबंध. जगात इतर कुठल्याही संगीताच्या रेकॉर्डवर साथीदारांना इतकी जागा मिळाली असेल असं मला वाटत नाही. आमच्या घरात नाट्यसंगीताच्या शेकडो रेकॉर्डी होत्या; ऑर्गन कोण वाजवतंय हे शोधायला आजोबांच्या स्मरणशक्तीशिवाय दुसरं साधन नव्हतं.

आता मुंबईबद्दल. एखाद्या शहराने जे ऐकलं असेल तेवढंच त्याच्या जुन्या बाजारात येतं, आणि मुंबईने जॅझ ऐकला तो पुष्कळ लोक समजतात त्यापेक्षा आधी आणि जवळून. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा आफ्रिकन-अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ आणि शिकागोत नाव काढलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड. वेदरफर्ड नंतर कलकत्त्याला गेला, तिथे त्याने रेकॉर्डी केल्या आणि १९४५ मध्ये पटकी होऊन तिथेच वारला. त्यांच्या शेजारी बसून वाजवायला शिकले ते बरेचसे गोव्याचे, चर्चच्या शाळेत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकून मुंबईत पोट भरायला आलेले. सहावा रकाना भरताना खरी पंचाईत इथे होते, कारण या लोकांनी नावंही बदलली. हळदोण्याचा आंतोनिओ शाविएर वाझ झाला चिक चॉकलेट. कावस खटाव हे पारशी गृहस्थ झाले रूडी कॉटन.

हॉटेलातली रात्र संपली की दिवसा हेच लोक सिनेमाच्या स्टुडिओत. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या ‘अलबेला’ला जे संगीत दिलं त्यात चिक चॉकलेट त्यांच्या सोबत होता, आणि पडद्यावर त्याचा बँडही दिसतो. सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशनचं वाद्यवृंदलेखन करीत. आणि माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांचं तर काय सांगावं! ते प्यारेलालचे व्हायोलिनचे गुरू. शिष्याने १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’च्या एका गाण्यात गुरूचं पुरं नाव घातलं. ते नाव आज देशातलं पोर ओळखतं, आणि ओळखतं अमिताभ बच्चनचं म्हणून.

शंकर-जयकिशन यांची १९६८ ची ‘रागा जॅझ स्टाइल’ एच.एम.व्ही.ने काढली: सतारीला रईस खान, सॅक्सोफोनला मनोहारी सिंग, ड्रम्सला लेस्ली गोदिन्हो. ती मी पुण्याच्या जुन्या बाजारात, एका रविवारी, पितळी समया आणि मोटारीच्या डायनामोच्या मधे पडलेली पाहिली आणि घासाघीस न करता घेतली. माझ्या आयुष्यात असं दोनदाच घडलं आहे.

परदेशी तबकड्यांचं म्हणाल तर आयातीवर बंधनं होती, परकीय चलन मिळत नसे. ग्रामोफोन कंपनी डमडमच्या कारखान्यात जे परवान्याने छापेल ते मिळायचं. बाकी खलाशी, विमान कंपन्यांचे कर्मचारी आणि परदेशात शिकायला गेलेले भाचे आणतील ते. शिवाय शीतयुद्धात अमेरिकन परराष्ट्र खातं आपले वादक दौऱ्यावर पाठवत होतं. ब्रूबेक १९५८ मध्ये आला आणि इथे सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर वाजवून गेला; म्हणजे माझ्या त्या बेनामी रेकॉर्डवरचा पियानोवाला ती रेकॉर्ड करण्याआधी मुंबई पाहून गेलेला होता. एलिंग्टन १९६३ मध्ये आला, आणि त्या प्रवासातून पुढे ‘फार ईस्ट स्वीट’ झाली, जीत दिल्लीच्या मैनेवर एक तुकडा आहे. आर्मस्ट्राँग १९६४ मध्ये. म्हणून आमच्या बाजारात या तिघांच्या रेकॉर्डी मुबलक, आणि कोलट्रेनची किंवा मंकची एक दिसली तर हात थरथरतो.

त्या रेकॉर्डी बाजारात आल्या त्या घरं मोडल्यावर. अँग्लो-इंडियन, गोवन, पारशी, ज्यू कुटुंबं कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला, इस्राएलला गेली. पियानो विकला जायचा, रेकॉर्डी भंगारवाल्याकडे. माझ्याकडच्या एका जाकिटावर निळ्या शाईत ‘डॉलीस, नाताळ १९६१’ असं वळणदार इंग्रजीत लिहिलं आहे. पहिल्या बाजूची दुसरी चीज झिजून पांढरी पडली आहे, दुसरी बाजू कोरीकरकरीत. डॉलीला नेमकं काय आवडायचं ते मला तिच्या सख्ख्या भावंडांपेक्षा नीट ठाऊक असेल.

हे सगळं वाचायची नजर हळूहळू येते. पथारीपुढे बसल्यावर बोटांनी जाकिटं पुढे ढकलत जायचं, पत्ते पिसल्यासारखी, आणि काही चांगलं दिसलं तर चेहरा तसाच ठेवायचा. चोरबाजारातला विक्रेता रेकॉर्डीकडे नाही, तुमच्या भुवयांकडे बघत असतो. मग बाजूच्या दोन नकोशा रेकॉर्डींचा भाव आधी विचारायचा. तबकडी कडांना धरून बाहेर काढायची, डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाकली आहे का ते बघायचं, नंतर उजेडाला तिरपी. ओरखडा दिसला की नखाने हलकेच चाचपायचा. नख अडलं तर सुईही अडणार. मधल्या छिद्राभोवती बारीक केसासारख्या रेघा असतात, घाईघाईत तबकडी लावताना खुंटी चुकल्याच्या. त्या जितक्या जास्त तितकी रेकॉर्ड लाडकी होती. शेवटी नाक. आमच्या हवेत चार पावसाळे काढलेल्या जाकिटाचा वास एकदा ओळखीचा झाला की अंधारातही कळतं, हिला धुवायला लागणार. व्हिनाइलला डिस्टिल्ड पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पुरतो. लाखेला कशाने धुवू नये ते वर आलंच आहे.

विक्रेत्यांच्या लेखी तीन जाती: हिंदी, गझल आणि अंग्रेजी. जॅझ अंग्रेजीतही खालच्या पायरीवर. “साब, खाली बाजा है, गाना नहीं है, सस्ते में ले जाओ,” असं मला कितीतरी वर्षं ऐकायला मिळालं आणि प्रत्येक वेळी मी वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. आता दिवस बदलले. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, आणि त्याच सुमारास पथारीवाल्याच्या हातात मोबाइल आला. तो न्यूयॉर्कच्या पहिल्या छपाईचा भाव बघतो आणि डमडमच्या ओरखडलेल्या तबकडीला लावतो. त्याला दोष देत नाही. आम्ही इतकी वर्षं त्याच्याशी जे केलं त्याची ही वसुली आहे.

मूळ छपाईच्या हव्यासाबद्दल एक लेख पुढे आहे. इथे थोडंच सांगतो. माझा पुतण्या न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मराठी मंडळ, गणपती, श्रीखंड सगळं आहे, पण तिथून काही मैलांवर जॅझच्या इतिहासाची अर्धी पानं आहेत हे त्याला माझ्याकडून कळलं. हॅकन्सॅकला रूडी व्हॅन गेल्डर नावाचा माणूस दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्मे द्यायचा आणि उरलेल्या वेळात आई-वडिलांच्या दिवाणखान्यात ब्लू नोटसाठी ध्वनिमुद्रण करायचा. १९५९ मध्ये त्याने एंगलवुड क्लिफ्सला स्वतंत्र स्टुडिओ बांधला. तबकड्या छापल्या जायच्या नॉर्थ प्लेनफिल्डच्या प्लास्टिलाइट कारखान्यात, तोही न्यू जर्सीतच. या कारखान्याची खूण म्हणजे लेबल आणि शेवटची खोबण यांच्या मधल्या कोऱ्या पट्टीवर कोरलेलं एक तिरपं ‘पी’ अक्षर. ते कानासारखं दिसतं म्हणून संग्राहक त्याला कानच म्हणतात. प्रिन्स्टनच्या जुन्या रेकॉर्डींच्या मोठ्या दुकानात तो कान आणि शेजारी व्हॅन गेल्डरची आद्याक्षरं असलेली एक तबकडी हातात आली. किमतीत आमच्या इमारतीच्या गच्चीची गळती दुरुस्त झाली असती. मी जाकिटाची पाठ सावकाश वाचली, वादकांची पाचही नावं वहीत उतरवली आणि ती जागेवर ठेवून दिली. पुतण्या म्हणाला, “काका, घ्यायची नव्हती तर आलो कशाला?”

मूळ छपाई म्हणजे निर्दोष, ही समजूतही खरी नव्हे. माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ घ्या. पहिली बाजू मी पेटीवर लावून पाहायचो तर सूर दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी. दुसरी बाजू बरोबर. प्लेअर तीनदा दुरुस्तीला नेला. मेकॅनिकने तिसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत, नुसता माझ्याकडे पाहत राहिला. पुढे खुलासा झाला: २ मार्च १९५९ च्या बैठकीत ध्वनिमुद्रणाचं यंत्र किंचित सावकाश चाललं होतं, त्यामुळे त्या दिवशीच्या तिन्ही चिजा वाजवताना चढ्या लागतात. जगभरातल्या रेकॉर्डींवर त्या तशाच चढ्या होत्या. चूक सुधारली गेली १९९० च्या दशकात. सुरुवातीच्या छपाईत दुसऱ्या बाजूच्या दोन चिजांची नावं आलटून-पालटून पडली, आणि जाकिटावर कॅननबॉल ॲडरलीच्या आडनावातलं एक अक्षर गाळलं गेलं. जॅझच्या सर्वांत नावाजलेल्या रेकॉर्डवर सॅक्सोफोनवाल्याचं नाव चुकलेलं आहे! मला हे कळलं तेव्हा त्या कूडमधल्या म्हाताऱ्यांना जाऊन सांगावंसं वाटलं. पण तोवर ते नव्हते.

या पुस्तकात काय नाही तेही सांगतो. किमतींचा तक्ता नाही. ‘असायलाच हव्यात अशा’ रेकॉर्डींची यादी नाही. ज्याला ती हवी तो पैसे टाकून आठवडाभरात नवी छपाई घरपोच मागवू शकतो, आणि त्यात वाईट काही नाही, ऐकायला ती बरेचदा जास्त स्वच्छही असते. फक्त ती शोधता येत नाही. रेकॉर्डी चौकटीत घालून भिंतीवर टांगणाऱ्यांसाठीही या पुस्तकात काही नाही.

लेखांचा क्रम वहीतलाच आहे, म्हणजे खरेदीच्या तारखेप्रमाणे. आर्मस्ट्राँग मागे आणि त्याच्या नातवाच्या वयाचे पुढे, असं त्यामुळे झालं आहे. ज्यांच्या घरच्या रेकॉर्डी माझ्याकडे आल्या त्या अनोळखी कुटुंबांचे, पहाटे चहा पाजणाऱ्या पथारीवाल्यांचे आणि ही वही संगणकावर उतरवून देणाऱ्या सुनेचे आभार. सौ.ने दोन कपाटं सोडली, तिचे वेगळे मानले आहेत.

एक काम मात्र वाचकांवर सोपवतो. नोंद क्रमांक ११४ ही मुंबईच्या एका डान्स बँडची ७८ ची तबकडी आहे, मटण स्ट्रीट, पस्तीस रुपये. लेबल घासलं गेलंय, ‘ऑर्केस्ट्रा’ एवढंच वाचता येतं. मध्यावर कुणीतरी ट्रम्पेटच्या तोंडाला झाकण लावून जेमतेम वीस सेकंद असं वाजवलंय की मी तेवढ्यासाठी ती लावतो. तुमच्या घरात, माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत हॉटेलच्या बँडचा जुना फोटो असेल आणि मागे पेन्सिलने नावं लिहिलेली असतील, तर रद्दीत घालण्याआधी फोटोच्या दोन्ही बाजूंची प्रत काढून प्रकाशकांच्या पत्त्यावर पाठवा. सहावा रकाना रिकामा ठेवला आहे.